आवृत्तीचा शिक्का आणि शेकडो फायलींतील पोकळ बदल: आपोआप तयार होणारे डॉक्युमेंटेशन स्थिर कसे ठेवावे

एका फंक्शनच्या वर्णनात ‘मिळतो’ऐवजी ‘मिळते’ असे पडले होते. ते दुरुस्त केले, कोडमधील टिप्पण्यांवरून साधनाने लिहिले जाणारे डॉक्युमेंटेशन पुन्हा तयार केले आणि कमिट करण्यापूर्वी (म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवण्यापूर्वी) सहज ‘गिट स्टेटस’ ही बदललेल्या फायलींची यादी पाहिली, तर चारशे फायली बदललेल्या. तयार झालेले डॉक्युमेंटेशन रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातच, ठेवणाऱ्या प्रकल्पांत काम करणाऱ्यांना हे दृश्य चांगलेच परिचित असते. त्या चारशेंपैकी कोणतीही फाइल उघडली की आत एकाच प्रकारचा फरक दिसतो, आणि डॉक्युमेंटेशन तयार करणारे साधन डॉक्सिजन असेल, तर तो मराठीत मांडल्यास असा असतो:

− डॉक्सिजन १.९.१ ने तयार केलेले
+ डॉक्सिजन १.९.८ ने तयार केलेले

मजकूर तोच, मांडणी तीच, दुवे तेच. बदलला तो केवळ साधनाने प्रत्येक पानावर मारलेला स्वतःच्या आवृत्तीचा शिक्का. ज्या एका फाइलीत शब्द खरोखर दुरुस्त झाला ती या गर्दीत हरवते. रिव्ह्यू करणारा पहिल्या दहा फायली डोळ्यांत तेल घालून पाहतो, पुढच्या वीस नुसत्या खाली सरकवतो आणि उरलेल्या न पाहताच मंजूर करतो. एखादे पान चुकून कोरे तयार झालेले असेल, तर ते याच उरलेल्या फायलींतून निसटून जाते.

हा त्रास एकदाच होऊन थांबत नाही. एका सहकाऱ्याच्या यंत्रावर १.९.१ आहे आणि दुसऱ्याच्या यंत्रावर १.९.८. पहिल्याने काही बदलले की सगळी पाने १.९.१ वर जातात, दुसऱ्याने बदलले की १.९.८ वर, आणि पुन्हा मागे. दोघांच्या ब्रांच (कामाच्या समांतर शाखा) मर्ज, म्हणजे एकत्र, करताना या एका ओळीवरून प्रत्येक फाइलीत कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणता बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येत नाही. ओळ शेवटी कुणी बदलली हे सांगणाऱ्या ‘गिट ब्लेम’ला विचारावे तर त्या ओळीवर नाव येते ते ज्याचा पानाशी काडीचा संबंध नाही अशा कुणाचे तरी. साधनाची कोणती आवृत्ती वापरायची हे प्रकल्पाने ठरवायचे असते, पण इथे ते साधन शेवटी कुणी चालवले यावर ठरते, आणि खरे दुखणे तिथे आहे. शिक्का हे केवळ त्याचे दिसणारे लक्षण. त्यामुळे शिक्का पुसणे आणि आवृत्ती बांधून ठेवणे ही दोन्ही कामे करावी लागतात. एकच केले तर अर्धे दुखणे शिल्लक राहते.

पायरी पहिली: नेमके काय बदलते ते आधी शोधावे

सेटिंगला हात लावण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिल्या चाचणीत कोड न बदलता, त्याच यंत्रावर, त्याच साधनाने डॉक्युमेंटेशन दोनदा तयार करून दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवावे आणि त्यांची तुलना करावी. दोन्हींत फरक निघाला तर तो आवृत्तीचा नाही. तो तारखेचा, वेळेचा, तात्पुरत्या फोल्डरच्या नावाचा किंवा यादीतील क्रम दर वेळी बदलण्याचा आहे. दुसऱ्या चाचणीत तोच कोड साधनाच्या दोन आवृत्त्यांतून काढून तुलना करावी. इथे निघणारा फरक दुहेरी असतो: काही ओळी केवळ शिक्क्याच्या, तर काही खऱ्या बदलाच्या, कारण नवी आवृत्ती एचटीएमएल वेगळे लिहिते, सोबतच्या सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फायली नव्या देते आणि कधी जुना दोषही सुधारते.

हे दोन प्रकार वेगळे करायला गिट २.३० मध्ये आलेला एक पर्याय फार उपयोगी पडतो. फरक दाखवणाऱ्या ‘गिट डिफ’ला मोठ्या लिपीतील ‘आय’ हा पर्याय आणि त्यामागे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ओळखण्याचा साचा) दिले की ज्या बदलातील सर्व ओळी त्या साच्यात बसतात तो बदल वगळला जातो. ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे: शिक्क्याच्या ओळीला लागूनच दुसरी एखादी ओळही बदललेली असेल, तर तो संपूर्ण तुकडा दिसत राहतो. हीच वागणूक आपल्या सोयीची आहे, कारण खरा बदल त्यामुळे लपत नाही. शिक्क्याचा साचा देऊन चारशेंपैकी किती फायली उरतात ते पाहावे. एकच उरली, तर दुखणे केवळ शिक्क्याचे आहे. दीडशे उरल्या, तर आवृत्ती बांधणे अधिक तातडीचे आहे.

पायरी दुसरी: हे डॉक्युमेंटेशन रिपॉझिटरीत हवेच का?

हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. कोडवरून केव्हाही पुन्हा तयार करता येते ते कमिट न करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे: ते फोल्डर ‘गिटइग्नोअर’मध्ये (गिटने दुर्लक्षित करायच्या फायलींच्या यादीत) टाकावे, सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर तपासण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) डॉक्युमेंटेशन तयार करून थेट प्रकाशित करावे, आणि विषय मिटला. तरीही ठेवण्याची सबळ कारणे असतात. ज्याच्याकडे ते साधन नाही त्यालाही इन्स्टॉल करताना मॅन पेज (टर्मिनलवर वाचायचे मदतीचे पान) मिळावे लागते. काही भाषांच्या पॅकेज व्यवस्थेत मदतीची पाने पॅकेजसोबतच असावी लागतात. आणि कोडमधल्या बदलामुळे वाचकाला दिसणारा मजकूर कसा बदलला हे रिव्ह्यूमध्येच दिसणे काही संघांना मोलाचे वाटते. यांपैकी एकही कारण लागू नसेल तर पुढच्या पायऱ्यांतील निम्मे कष्ट वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण लागू असेल तर पुढे वाचावे.

पायरी तिसरी: साधनाने दिलेले बटण वापरावे, पण ते कुठवर पोहोचते ते तपासावे

बहुतेक साधनांत शिक्का बंद करण्याची काहीतरी सोय असते. अडचण अशी की तारखेचे बटण आणि आवृत्तीचे बटण पुष्कळदा वेगवेगळे असते, आणि एक बंद केले की दोन्ही बंद झाले असा समज होतो.

डॉक्सिजनचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात शिक्का एका जागी नसून अनेक जागी आहे. पानावर वेळ छापणारी सेटिंग जुन्या आवृत्त्यांत एचटीएमएल_टाइमस्टॅम्प या नावाने असे, पुढे ती टाइमस्टॅम्प झाली. ती ‘नो’ केली तर वेळ जाते, आवृत्ती मात्र तशीच राहते. आवृत्ती काढण्यासाठी डॉक्सिजनकडून हेडर, फूटर आणि स्टाइलशीटचे मूळ टेम्प्लेट काढून घ्यावे लागतात, त्यांतील ‘डॉक्सिजनव्हर्जन’ हे बदलनाम (ज्याच्या जागी खरा आकडा भरला जातो) पुसावे लागते आणि एचटीएमएल_हेडर व एचटीएमएल_फूटर या सेटिंगमध्ये आपल्या फायलींचा पत्ता द्यावा लागतो. फूटरमध्ये ते बदलनाम वाचकाला दिसणाऱ्या ओळीत असते, तर हेडरमध्ये ‘जनरेटर’ या मेटा टॅगमध्ये. दुसरे हमखास विसरले जाते. इतके करूनही डिफ रिकामा होत नाही, कारण हेडर संपल्यावर डॉक्सिजन स्वतःच्या कोडमधून आवृत्तीची एक एचटीएमएल टिप्पणी लिहितो, आणि ती कोणत्याही टेम्प्लेटमध्ये नसल्याने टेम्प्लेटमधून पुसता येत नाही. एक्सएमएल आउटपुट घेत असाल तर त्याच्या मूळ टॅगवरही आवृत्तीचा आकडा असतो. आकृत्यांसाठी ग्राफव्हिझ वापरत असाल तर प्रत्येक एसव्हीजी फाइलीच्या सुरुवातीला ग्राफव्हिझचा वेगळा शिक्का येतो, ज्याच्याशी डॉक्सिजनच्या सेटिंगचा काहीच संबंध नसतो. शिवाय काढून घेतलेला टेम्प्लेट त्या त्या आवृत्तीचा असतो; डॉक्सिजन बदलल्यावर टेम्प्लेट नव्याने काढून आपले फेरफार त्यात पुन्हा करावे लागतात, नाहीतर पाने मोडकी दिसू लागतात.

जावा भाषेच्या जावाडॉकमध्ये ‘नोटाइमस्टॅम्प’ हा पर्याय दिला की प्रत्येक पानाच्या टिप्पणीतील तारीख आणि वेळ जाते. तो न दिल्यास दर वेळी सगळी पाने बदलतात, मग कोडला हात लागलेला असो वा नसो. पण त्याच टिप्पणीतील जावाडॉकची आवृत्ती या पर्यायाने जात नाही. तिच्यासाठी पुढची पायरी आहे.

स्फिंक्समध्ये एचटीएमएल_शो_स्फिंक्स ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की तळाची श्रेयाची ओळ जाते. अलाबास्टर ही थीम त्या ओळीत स्फिंक्सची आणि स्वतःची अशा दोन आवृत्त्या छापते आणि त्यासाठी तिची स्वतःची शो_पावर्ड_बाय ही सेटिंग आहे; दुसरी थीम वापरत असाल तर तिचा फूटर वेगळा तपासावा. स्फिंक्सचे ‘डॉकट्रीज’ हे फोल्डर कधीही कमिट करू नये. ते साधनाच्या अंतर्गत वापराचे आहे आणि त्यातील फायली वाचून कुणाला काही कळण्यासारखे नसते.

इतरांचे थोडक्यात: जेएसडॉकच्या मूळ टेम्प्लेटमध्ये ‘इन्क्लूडडेट’ बंद केल्यास तारीख जाते, आवृत्ती राहते. टाइपडॉकमध्ये ‘हाइडजनरेटर’ आहे. गो भाषेतील कोब्रा लायब्ररी मार्कडाउन आणि मॅन पेज तयार करताना तळाशी तारखेसह स्वतःची ओळ घालते. मुख्य कमांडवर ‘डिसेबलऑटोजेनटॅग’ खरे केले की ती ओळ जाते. अॅस्किडॉक्टरमध्ये तर ‘रिप्रोड्युसिबल’ या नावाचे गुणविशेषच आहे, आणि ते अशाच पोकळ बदलांवरचा उपाय म्हणून दिलेले आहे.

पर्लच्या ‘पॉड’ स्वरूपातील मजकुरापासून मॅन पेज बनवणाऱ्या पॉड-टू-मॅनची गंमत निराळी आहे. त्याला काही सांगितले नाही तर तो मॅन पेजच्या तळाशी आवृत्ती म्हणून पर्लचा आकडा छापतो. आपला प्रोग्रॅम सी भाषेतला असो की आणखी कशातला, वाचकाला तळाशी ‘पर्ल ५.३४.०’ दिसते, आणि ही त्या प्रोग्रॅमची आवृत्ती असावी असे त्याला वाटले तर त्याचा दोष नाही. म्हणून ‘रिलीज’ या पर्यायात आपल्या प्रकल्पाची आवृत्ती आणि ‘डेट’ या पर्यायात ठरलेली तारीख नेहमी द्यावी. इथे पोकळ बदल थांबतात ते आहेच, शिवाय पानावरची चुकीची माहितीही दुरुस्त होते.

पायरी चौथी: बटण नसेल तिथे आउटपुट धुऊन घ्यावे

जी ओळ सेटिंगने जात नाही ती आउटपुट तयार झाल्यावर ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडने किंवा लहानशा स्क्रिप्टने बदलावी. ओळ संपूर्ण काढून टाकण्यापेक्षा तिच्यातील केवळ आकडा काढावा, असे मला वाटते. ‘हे पान साधनाने तयार केले आहे, हाताने बदलू नये’ ही सूचना उपयोगाची असते, आणि साधन लिहिणाऱ्यांचे नाव राहण्यातही काही गैर नाही. उपद्रव आहे तो आकड्याचा. गो भाषेत तर ‘कोड जनरेटेड’ने सुरू होऊन ‘डू नॉट एडिट’ने संपणाऱ्या ओळीवरूनच इतर साधने फाइल यंत्राने तयार केली आहे हे ओळखतात, त्यामुळे ती ओळ पुसली तर भलतेच काही बिघडेल.

रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिताना ते ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळेल असे बांधावे. ‘तीन आकडे आणि मध्ये टिंबे’ एवढाच साचा दिला तर डॉक्युमेंटेशनच्या मजकुरातील प्रत्येक आवृत्ती पुसली जाते, मग ‘हे फंक्शन २.४.० पासून उपलब्ध आहे’ या वाक्यातील २.४.० सुद्धा उरत नाही, आणि चारशे फायलींच्या डिफमध्ये ते लक्षातही येत नाही. ‘सेड’ला जागच्या जागी बदल करायला सांगणारा ‘आय’ पर्याय लिनक्सवर एकट्याने चालतो, पण मॅकओएसवर त्यानंतर जुन्या प्रतीच्या फाइलीसाठी प्रत्यय मागतो, तो नको असेल तर रिकामा तरी; ज्या प्रकल्पात दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत तिथे हे काम पायथॉनसारख्या भाषेतील दहा ओळींच्या स्क्रिप्टने केलेले बरे.

धुण्याचे हे काम डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या त्याच कमांडमध्ये बसवावे. ‘आधी हे चालवा, मग ते चालवा’ अशी सूचना रीडमीमध्ये लिहिली तर दुसरे चालवायला कुणीतरी विसरणार, हे गृहीत धरावे. काही जण यासाठी गिटचा ‘क्लीन’ फिल्टर सुचवतात, जो फाइल कमिटसाठी घेतानाच आकडा पुसतो. कल्पना चतुर आहे, पण ‘गिटअॅट्रिब्यूट्स’मध्ये फिल्टरचे केवळ नाव रिपॉझिटरीबरोबर जाते, त्याची व्याख्या प्रत्येकाच्या स्थानिक कॉन्फिगमध्ये हाताने लिहावी लागते. ज्याने ती लिहिली नाही त्याच्याकडून शिक्के निमूटपणे परत येतात, आणि का आले हे शोधायला अर्धा दिवस जातो.

पायरी पाचवी: आवृत्ती एकाच जागी लिहून बांधून ठेवावी

शिक्का पुसल्यावर आवृत्तीची माहिती नाहीशी होता कामा नये. एखाद्या पानात दोष आढळला तर ते कशाने तयार केले हे कळावे लागते. आर भाषेतील रॉक्सिजन२ या पॅकेजने काढलेला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पूर्वी त्याने तयार केलेल्या प्रत्येक मदतीच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत त्याची आवृत्ती असे, त्यामुळे रॉक्सिजन अद्ययावत केले की सर्व फायली बदलत. पुढे तो आकडा प्रत्येक फाइलीतून काढून पॅकेजच्या ‘डिस्क्रिप्शन’ फाइलीतील ‘रॉक्सिजननोट’ या एका ओळीत नेला गेला. आता साधन बदलले की ती एक ओळ बदलते, आणि तिच्याशिवाय ज्या फायली बदलल्या त्यांत खरोखर काही बदललेले असते. शिवाय त्या ओळीतील आकड्यापेक्षा यंत्रावरील रॉक्सिजन जुने असेल तर ते तसा इशारा देते, त्यामुळे दोन सहकाऱ्यांमधली पुढे-मागे ओढाताण लक्षात तरी येते.

आपल्या साधनात हे नसेल तर तेच आपण करावे, आणि थोडे अधिक कडकपणे. डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये एक लहान फाइल ठेवून तिच्यात अपेक्षित आवृत्ती लिहावी, आणि तयार करणाऱ्या स्क्रिप्टने सुरुवातीलाच यंत्रावरील आवृत्ती विचारून ती जुळत नसेल तर ‘इथे १.९.८ अपेक्षित आहे, १.९.१ सापडले’ असा स्वच्छ संदेश देऊन थांबावे. केवळ इशारा देऊन पुढे जाणारी स्क्रिप्ट उपयोगाची नाही. इशारे कुणी वाचत नाही.

त्याहून पक्का मार्ग कंटेनरचा (साधन आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या पेटीचा) आहे, कारण त्यात मुख्य साधनाबरोबर ग्राफव्हिझ, फॉन्ट, थीम आणि एक्स्टेन्शनही गोठवता येतात. हे महत्त्वाचे आहे, कारण ग्राफव्हिझच्या दोन आवृत्त्या त्याच आकृतीतील चौकटी किंचित निराळ्या जागी ठेवू शकतात आणि तो फरक कोणत्याही ‘सेड’ने धुतला जात नाही. कंटेनरच्या इमेजचा उल्लेख टॅगने (दिलेल्या नावाने) न करता डायजेस्टने (आशयावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकाने) करावा. टॅग उद्या दुसऱ्या इमेजकडे वळवता येतो, डायजेस्ट वळवता येत नाही.

पायरी सहावी: तारीख, क्रम आणि प्रकल्पाचा स्वतःचा शिक्का

रिप्रोड्युसिबल बिल्ड्स या चळवळीने रूढ केलेले सोर्स_डेट_इपॉक हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आता अनेक साधने मानतात. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात दिले की साधन आताच्या वेळेऐवजी तीच वेळ छापते. त्यात शेवटच्या कमिटची वेळ भरावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. रिलीजच्या पॅकेजसाठी तो योग्यच आहे, पण डॉक्युमेंटेशन कमिट होत असेल तर तो उलटतो: डॉक्युमेंटेशनचे कमिट केले की ‘शेवटचे कमिट’ बदलते, म्हणून पुढच्या वेळी तारीख बदलते, म्हणून पुन्हा सगळी पाने बदलतात. अशा प्रकल्पात तारीख काढूनच टाकावी किंवा शेवटच्या रिलीजची तारीख द्यावी.

हाच फास प्रकल्पाच्या स्वतःच्या आवृत्तीतही असतो. डॉक्सिजनच्या प्रोजेक्ट_नंबर या सेटिंगमध्ये ‘गिट डिस्क्राइब’चे उत्तर भरले की प्रत्येक पानाच्या माथ्यावर कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) येतो. साधनाचा शिक्का निदान साधन बदलल्यावर बदलत होता. हा तर प्रत्येक कमिटला बदलतो. तिथे केवळ रिलीजचा क्रमांक द्यावा. वेळेचा पट्टा यूटीसी आणि लोकॅल (भाषा व क्रमवारीची सेटिंग) ‘सी’ असा स्क्रिप्टमध्येच ठरवून टाकावा, म्हणजे नावांच्या क्रमाचा आणि तारखेच्या लिखाणाचा प्रश्न उरत नाही.

पायरी सातवी: राखणीला सीआय ठेवावे

सीआयमध्ये ठरलेल्या कंटेनरमधून डॉक्युमेंटेशन पुन्हा तयार करावे आणि कमिट केलेल्याशी फरक निघाला तर काम नापास करावे. त्यासाठी ‘गिट डिफ’ला ‘एक्झिट-कोड’ हा पर्याय देण्याची रीत आहे, पण ट्रॅक न झालेली, म्हणजे गिटने अजून नोंद न घेतलेली, नवी फाइल तिच्यात दिसत नाही. नव्या क्लासचे पान कमिट करायचे राहिले तर ही तपासणी खुशाल पास होते. म्हणून ‘गिट स्टेटस’चे ‘पोर्सेलिन’ हे स्क्रिप्टने वाचायला सोपे रूप वापरून त्याचे उत्तर रिकामे आहे ना हे पाहावे. नापास झाल्यावर दिसणाऱ्या संदेशात कोणती कमांड चालवायची हे लिहावे. नवख्या माणसाला तेवढे पुरते.

पायरी आठवी: स्थलांतर

हे सर्व अमलात आणणारे पहिले कमिट प्रचंड असणारच, कारण सगळ्या पानांतील शिक्के एकदा पुसायचे आहेत. ते स्वतंत्र ठेवावे आणि त्यात मजकुराचा एकही बदल मिसळू नये. त्याचा हॅश ‘ब्लेम’साठी दुर्लक्षित कमिटांच्या फाइलीत नोंदवावा, गिट २.२३ पासून ‘गिट ब्लेम’ला अशी फाइल देता येते आणि मग इतिहासात त्या कमिटमागचा खरा लेखक दिसतो. पुढे साधन अद्ययावत करतानाही हाच नियम पाळावा: आवृत्तीच्या फाइलीतील आकडा आणि त्यामुळे बदललेले आउटपुट एका कमिटमध्ये, बाकी सर्व दुसऱ्यात.

तोवर चालू असलेल्या ब्रांचमध्ये कॉन्फ्लिक्ट येतील. ते हाताने सोडवत बसू नये. मूळ कोडमधले कॉन्फ्लिक्ट नीट सोडवावेत, तयार झालेल्या फायलींसाठी कोणतीही एक बाजू डोळे मिटून स्वीकारावी, आणि लगेच नव्या स्क्रिप्टने सगळे पुन्हा तयार करून त्या निकालाचे कमिट करावे.

शेवटी ज्याने या कामात भाग घेतलेला नाही अशा सहकाऱ्याला, त्याच्या यंत्रावर, नव्याने क्लोन करून ती एकच कमांड चालवायला सांगावी आणि ‘गिट स्टेटस’ पाहायला सांगावे. तिथे एकही बदललेली फाइल दिसली, तर ती कोणती आणि तिच्यातली कोणती ओळ हे विचारून पहिल्या पायरीवर परत जावे.